घरच्या सरपणासाठी परवडणारे हायड्रॉलिक लाकूडफोड यंत्र कोणते घ्यावे?

प्रश्न (न्यू हॅम्पशायर)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही न्यू हॅम्पशायरच्या ग्रामीण भागात एक जुने घर घेतले. तळघरात तेलाची भट्टी आहे, पण हिवाळ्याचा बराचसा भार आम्ही दिवाणखान्यातल्या वूडस्टोव्हवरच टाकला आहे आणि एका मोसमाला साधारण तीन कॉर्ड लाकूड जाळतो. ज्यांना हे माप परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब अशी नीट रचलेली रास, म्हणजेच १२८ घनफूट.

या वर्षी आवाराच्या कडेचे किडीने वाळलेले ॲश, एक मोठा रेड ओक आणि एक जुना एल्म पाडून घेतला. तोडणाऱ्यांनी सोळा इंच लांबीचे ओंडके करून दिले आहेत. पहिला ढीग मी आठ पौंडी मॉलने, म्हणजे घणासारख्या जड कुऱ्हाडीने फोडला; परंतु त्यात उजवा खांदा दुखावला आणि डॉक्टरांनी हे काम पूर्णपणे बंद करायला सांगितले आहे. त्यामुळे यंत्र घेणे भागच आहे. खर्चाची मर्यादा ६०० डॉलर आहे. हाताने दांडा मारून चालवायचे १० टनी (म्हणजे १० टनांचा जोर लावणारे) यंत्र, विजेवरचे ७ टनी यंत्र आणि जुन्या बाजारात मिळणारे २७ टनी पेट्रोलचे यंत्र असे तीन पर्याय माझ्यासमोर आहेत. टनांचा आकडा जितका मोठा तितके यंत्र चांगले, असे समजावे का?

प्रतिसाद १ (मिशिगन)

आमच्याकडे सहा वर्षांपासून विजेवरचे ७ टनी यंत्र आहे आणि दरवर्षी दोन ते तीन कॉर्ड लाकूड आम्ही त्यावरच फोडतो. तुमच्या ढिगात ॲश जास्त आहे, ही तुमच्या दृष्टीने फार सोयीची गोष्ट आहे. ज्या किडीमुळे ही झाडे वाळत आहेत, ती एमराल्ड ॲश बोरर २००२ साली आमच्याच राज्यात, डेट्रॉइटच्या परिसरात प्रथम ओळखली गेली. तेव्हापासून आमच्या भागात ॲशचे लाकूड मुबलक मिळते. साल उचकटली की खाली अळीने कोरलेल्या नागमोडी वाटा दिसतात. ॲशचे तंतू सरळ असल्यामुळे पाचर टेकताच ओंडका एका कडाक्यासरशी दुभंगतो आणि निम्म्या वेळा दट्ट्याला, म्हणजे तेलाच्या दाबाने सरकून जोर लावणाऱ्या भागाला, पुढे जाण्याची गरजच पडत नाही.

या यंत्राची मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हवी. माहितीपत्रकात व्यास दहा इंचांपर्यंत असे लिहिलेले असते आणि ते खरे मानावे. ओंडका त्याहून जाड असेल, तर पाचर मध्यावर न लावता कडेकडेने फळ्या काढत जावे. अशा रीतीने मी चौदा-पंधरा इंचांचे ॲश आणि रेड ओकसुद्धा फोडले आहेत. एल्म मात्र वेगळा आहे. त्याचे तंतू एकमेकांत विणल्यासारखे असतात. पाचर आरपार गेली तरी दोन्ही अर्धे चघळलेल्या उसाच्या चिपाडासारखे लोंबत राहतात आणि शेवटी ते कुऱ्हाडीने तोडावे लागतात. ७ टनी यंत्र जाड एल्मपुढे मधेच थांबते.

वापरताना दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी. बहुतेक लहान विद्युत यंत्रांना तेलाच्या टाकीवर हवा सोडण्याचा एक छोटा स्क्रू असतो. काम सुरू करण्यापूर्वी तो काही आटे सैल करायचा आणि यंत्र हलवताना पुन्हा घट्ट करायचा असतो. पहिल्या वर्षी मी तो बंदच ठेवला. आत कोंडलेल्या हवेने सील फाटले आणि संपूर्ण अंगणभर तेल गळले. दुसरी गोष्ट वायरची. १२० व्होल्टवर चालणारी अशी मोटर सुमारे पंधरा अँपिअर ओढते. घरात दिवे लावायला वापरतो तशी बारीक एक्स्टेंशन वायर जोडली तर व्होल्टेज पडते आणि मोटर तापून बंद पडते. पन्नास फुटांसाठी १२ गेजची जाड वायर घ्यावी. या मोजणीत आकडा लहान तितकी तार जाड, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद २ (पेनसिल्व्हेनिया)

मी येथे येण्यापूर्वी पिंपरी-चिंचवडमध्ये हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या एका कारखान्यात बारा वर्षे काम केले, म्हणून टनांच्या आकड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हा आकडा म्हणजे जादू नाही. दट्ट्याचे क्षेत्रफळ गुणिले तेलाचा दाब, इतकाच त्याचा हिशेब आहे आणि तो कोणालाही कागदावर करता येतो. चार इंच आतील व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ १२.५७ चौरस इंच भरते. घरगुती यंत्रांचे पंप साधारणतः चौरस इंचाला ३,००० पौंडांच्या आसपास दाब देतात. म्हणजे जोर सुमारे ३७,७०० पौंड झाला आणि २,००० पौंडांच्या अमेरिकन टनात तो १९ टनांच्या जवळपास येतो. साडेचार इंची सिलिंडर त्याच दाबाला सुमारे २४ टन देतो. तुम्ही पाहिलेल्या जुन्या यंत्राचा सिलिंडर चार इंची असेल आणि अंगावर २७ टन लिहिलेले असेल, तर तेवढ्या जोरासाठी दाब ४,२०० पौंडांच्याही वर जावा लागेल. विक्रेत्याला टन विचारण्याऐवजी सिलिंडरचा व्यास आणि पंपाचा कमाल दाब विचारावा.

जोराइतकाच वेगही महत्त्वाचा असतो. पेट्रोलच्या यंत्रांत बहुधा दोन टप्प्यांचा पंप असतो: पाचर ओंडक्याला टेकेपर्यंत तेल भरपूर प्रमाणात आणि कमी दाबाने येते, आणि अडथळा लागताच प्रवाह कमी होऊन दाब वाढतो. हा बदल कानाला स्पष्ट ऐकू येतो, कारण इंजिनाचा आवाज एकदम जड होतो. जुने यंत्र पाहायला गेलात तर तुमच्याकडील एक गाठाळ ओंडका सोबत न्यावा आणि त्यावरच चालवून दाखवण्याची विनंती करावी. टप्पा बदलला नाही, तर पंप झिजलेला आहे असे समजावे. दट्ट्याचा चकचकीत दांडा पूर्ण बाहेर काढून त्यावरून बोट फिरवावे. ओरखडे हाताला लागले, तर सील आज ना उद्या जाणारच.

हाताने चालवायचे यंत्र तुमच्या खांद्यासाठी मी मुळीच सुचवणार नाही. पाचर प्रत्येक हेलकाव्याला अगदी थोडी सरकते आणि तीन कॉर्ड म्हणजे हजारो हेलकावे होतात. वर्षाला अर्धा कॉर्ड जाळणाऱ्या निरोगी माणसासाठी ते ठीक आहे.

प्रतिसाद ३ (व्हरमाँट)

वरील दोन्ही मते मला पटतात. फक्त भाड्याच्या पर्यायाचा विचार अवश्य करावा. आमच्या गावात उपकरणे भाड्याने देणाऱ्या दुकानात मोठे पेट्रोलचे यंत्र दिवसाला शंभर डॉलरच्या आसपास मिळते, आणि ते उभे करून चालवता येत असल्यामुळे दीडशे पौंडांचा ओंडका उचलावा लागत नाही. तो जमिनीवरून लोटत पाचरीखाली आणता येतो. जाड एल्म आणि दुबेळक्याचे ओंडके बाजूला ठेवून एका दिवसात उरकावेत.

एक विनंती कळकळीने करतो. यंत्रावर एका वेळी एकाच माणसाने काम करावे. एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा, यात घाई झाली की बोटे जातात. लहान विद्युत यंत्रांना दोन्ही हात गुंतवणारी रचना याच कारणासाठी दिलेली असते. दोरी बांधून ती निकामी करणारे लोक मी पाहिले आहेत, तसे कधीही करू नये. ओंडका पाचरीत अडकला तर दट्ट्या पूर्ण मागे घेऊन, यंत्र बंद करूनच तो सोडवावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. जुने यंत्र काल पाहून आलो. सिलिंडर चार इंचीच निघाला आणि दांड्यावर दोन खोल ओरखडे होते, म्हणून तो विचार सोडला. ७ टनी विद्युत यंत्र आणि १२ गेजची पन्नास फुटी वायर मिळून रक्कम मर्यादेत बसते आणि एका दिवसाच्या भाड्यापुरते पैसेही उरतात. एक शंका राहते: आधी काय फोडावे?

प्रतिसाद १ (मिशिगन)

ओक आधी फोडावा. तो वाळायला एक ते दोन वर्षे घेतो आणि फोडल्याशिवाय आतून वाळतच नाही, त्यामुळे प्रत्येक आठवड्याचा उशीर पुढच्या हिवाळ्यात धूर होऊन दिसतो. उभ्याने वाळलेला ॲश यंदाच वापरता येण्याचा संभव आहे. ओलावा मोजण्याचे छोटे उपकरण घ्या आणि त्याच्या सुया बाहेरच्या टोकाला न टोचता नुकत्याच फोडलेल्या आतल्या पृष्ठावर टोचा. आकडा २० टक्क्यांच्या खाली आला की ते लाकूड जाळायला तयार आहे. एल्म जानेवारीपर्यंत ठेवायला हरकत नाही, कारण गोठलेले ओंडके बरेच सहज तडकतात. मात्र त्या थंडीत तेल दाट होते, म्हणून पहिली काही मिनिटे यंत्र रिकामेच चालवावे.

प्रश्नकर्ता

समजले. आज दुपारी ओकचे ओंडके पुढे ओढून घेतले आणि एल्मचे अकरा ओंडके ताडपत्रीखाली वेगळे लावून ठेवले आहेत.