मदत हवी आहे: एजन्सीच्या कामगारांचे अपघात आकड्यांत कसे मांडायचे?

नमस्कार मंडळी,

पॅकिंग आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या विभागात सेफ्टीचं काम बघतो. एकाच फ्लोअरवर कायम कामगार आणि एजन्सीकडून आलेले तात्पुरते कामगार, दोघंही असतात. महिन्याच्या बैठकीत अपघातांचा तक्ता दाखवतात आणि तो नेहमी छान दिसतो. का, तर एजन्सीच्या माणसाचं बोट कन्व्हेयरमध्ये सापडलं की ती नोंद एजन्सीच्या खात्यात. एजन्सीचा माणूस इथे येतो फक्त हजेरी घ्यायला. कोणत्या पट्ट्याचं गार्ड निघालंय हे त्याला कळणार कसं?

एजन्सीच्या लोकांना जास्त लागतं असं मला दिसतं, पण सिद्ध करता येत नाही. 'नवखे आहेत, लागायचंच' यावर विषय संपतो. हे आकड्यांत कसं मांडायचं? आणि नोंद नेमकी कोणी ठेवायची? 'दोघांचीही जबाबदारी' हे उत्तर ऐकून झालंय, त्याने काही हलत नाही.

प्रतिसाद १

आधी डोकी मोजणं सोडा. तात्पुरत्या पन्नास जागांवर वर्षभरात दीडशे माणसं येऊन जातात, मग भागायचं कशाने? कामाचे तास धरा. समजा कायम कामगारांचे ८ लाख तास आणि सुट्टी घ्यावी लागलेले ४ अपघात. एजन्सीचे २ लाख तास आणि ३ अपघात. दर १० लाख तासांमागे कायम ५, एजन्सी १५. आता तुमच्यासारखे एजन्सीचे अपघात वगळले आणि तास मात्र एकूण बेरजेत राहू दिले, तर उत्तर येतं ४. म्हणजे खुद्द कायम कामगारांच्या दरापेक्षाही कमी! बैठकीत हीच बेरीज दाखवत नाहीत ना, ते तपासा.

धागाकर्ता

तपासतो. पण एजन्सीवाल्यांचे तास आमच्या मस्टरवर नाहीत.

प्रतिसाद १

एजन्सी बिल तासांवर लावत असेल तर अकाउंट्सकडे मिळतील. पैसे देताना तास बरोबर मोजलेले असतात.

पुढचं जास्त महत्त्वाचं. 'नवखे आहेत' हे खोटं नाही. कॅनडातल्या ओंटारिओच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांवरून दिसलंय की कामाच्या पहिल्या महिन्यात इजेचा धोका वर्षाहून जुन्या कामगारांच्या साधारण तिप्पट असतो. म्हणून तुलना नवख्या कायम कामगाराशी करा, तीही त्याच कामावरच्या. फरक मिटला तर नवखेपणा हेच कारण, आणि मग दर आठवड्याला नवी माणसं मागवायची पद्धतच धोकादायक ठरते. उरला, तर प्रशिक्षण, हातमोजे-बूट, कामाची वाटणी यांत काय वेगळं होतंय ते शोधा. दोन्हीकडून मॅनेजमेंटला उत्तर द्यावं लागतंच.

प्रतिसाद २

नोंदीबद्दल: नियम देशागणिक वेगळे, तुमच्याकडचा बघून घ्या. पण दिशा स्पष्ट आहे. अमेरिकेत 'ओशा' या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे रोजची देखरेख ज्याची, त्याच्या रजिस्टरमध्ये इजा नोंदवायची. बहुतेक वेळा ती देखरेख जिच्या जागेत काम चालतं त्या कंपनीचीच असते. युरोपीय संघाच्या १९९१ च्या निर्देशानुसार काम चालू असताना सुरक्षिततेची जबाबदारी काम करून घेणाऱ्या कंपनीवर येते. कामासाठी काय पात्रता लागते आणि कामाची खास वैशिष्ट्यं काय हे एजन्सीला आधी कळवणं हेही तिचंच काम. एजन्सीशी झालेल्या करारात 'या माणसाला हे काम द्यायचं नाही' अशी यादी आहे का? नसेल तर पॅकिंगसाठी बोलावलेला माणूस दुपारी फोर्कलिफ्टच्या वाटेत उभा दिसतो.

प्रतिसाद ३

आकडे हाती आले तरी डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ज्याला उद्या परत बोलावतील की नाही याची खात्री नाही, तो खरचटलेलं, मुरगळलेलं सांगत नाही. एजन्सीच्या रकान्यात गंभीर अपघात आहेत आणि किरकोळ जवळजवळ नाहीत असं दिसलं, तर किरकोळ दडतायत असं समजा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्रथमोपचार पेटीच्या वहीत नाव आणि वेळ असते, कायम की एजन्सी हे नसतं. तो रकाना घालतो.

प्रतिसाद १

आणखी एक घाला: त्या कामाचा कितवा दिवस. कंपनीत आल्यापासून नव्हे, त्या मशीनवर उभा राहिल्यापासून मोजायचा. एजन्सीचा माणूस तुमच्याकडे सहा महिने असेल आणि त्या मशीनवर सकाळपासूनच.