शिवडीचे फ्लेमिंगो: फोटो शेकड्याने, गोष्ट काही जमेना

खाडीवेडा:
मंडळी, मदत हवीय. डिसेंबरपासून दर रविवारी शिवडीला जातोय, सहाशेवर फोटो झालेत पण सगळे सारखेच, लांबवर गुलाबी ठिपके आणि मधे नुसता चिखल. सोसायटीच्या हॉलमध्ये वीस फोटोंचं प्रदर्शन लावायचंय, खाडी का जपायची ते पोरांना बघूनच कळलं पाहिजे. मोठी लेन्स घेऊ का?

भरतीवाला:
लेन्सचं राहू द्या, आधी भरतीची वेळ बघा. ओहोटीला पक्षी पार आत पांगतात, पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात, म्हणून भरतीच्या दोनेक तास आधी जाऊन गप बसायचं. आणि शिवडीचा काठ पूर्वेला आहे, सकाळी ऊन समोरून येतं, दुपारनंतर भरती असेल तो दिवस धरा.

तिवरातली:
दादा, एकाच पक्ष्याकडे दहा मिनिटं बघत राहा. मान खाली, चोच उलटी पाण्यात, जीभ पंपासारखी चालते आणि चोचीतल्या बारीक गाळणीत शेवाळ अडकतं, त्या खाण्यातूनच पंखांना गुलाबी रंग येतो. लहान पक्षी राखाडी असतात. राखाडी पोर आणि शेजारी गुलाबी मोठा, दोघं एकाच चिखलात चोच घालून, असा एक फोटो मिळाला ना तर बाकी एकोणीस त्याच्याभोवती लावा. आणि मागची रिफायनरी, अटल सेतू, कोळ्यांच्या होड्या फ्रेममधून कापू नका हो, हे पक्षी मुंबईत राहतात ते दिसू दे की!

ऐरोलीकर:
एक कळकळीने सांगतो. मागे बोटीतून गेलो होतो, आमच्यातल्याच एकाला उडतानाचा फोटो हवा होता म्हणून त्याने बोट पुढे घ्यायला लावली आणि अख्खा थवा उठला. फोटो झकास आले, पण कच्छकडून इथं पोट भरायला आलेल्यांना आपण भरल्या ताटावरून उठवलं, मी माझे सगळे डिलीट केले. आमच्याकडचा ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीतही, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, शिवडी मात्र त्या हद्दीबाहेर आहे. प्रदर्शनात त्या हद्दीचा नकाशा लावाच.

खाडीवेडा:
नकाशाचं डोक्यातच आलं नव्हतं, पहिला तोच लावतो. शनिवारी भरती चारच्या सुमारास आहे, दोनला जेट्टीवर असेन, राखाडी पोर शोधायला कोण येतंय?