मदत हवी आहे: पुण्यात वृद्धाश्रमात येऊन तपासणारे डॉक्टर

सईची_आई:
आत्याला सिंहगड रोडच्या बाजूला एका वृद्धाश्रमात ठेवलंय. हल्ली दिवसभर झोपूनच असते, भाताचा घास गालात तसाच राहतो, हाक मारली की डोळे उघडते आणि परत मिटते. सिस्टर म्हणतात वय झालं की असंच. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, फाईलवर सही करतात आणि जातात, छातीला नळीसुद्धा लावत नाहीत. तिथे येऊन नीट तपासेल असं कुणी माहितीये का? लवकर सांगा प्लीज.

कोथरूडकर:
वय? शुगर? मध्ये पडल्या होत्या का? गोळ्या कोणत्या? काहीच लिहिलं नाहीये, सांगणार कसं?

मावळा८५:
आधी एअर मॅट्रेस घ्या. आमच्या वडिलांची पाठीची जखम भरता भरली नाही. दर दोन तासांनी कूस बदलतात का बघा, विचारू नका, चादर उचलून माकडहाडापाशी कातडी लाल झालीये का ते स्वतः बघा.

सईची_आई:
जखम नाहीये हो! वय ८१, शुगर नाही, पडली नाही. बीपीची आणि झोपेची गोळी चालू आहे.

रानजाई:
घरी आणा त्यांना. मी सासूबाईंचं शेवटपर्यंत घरीच केलंय.

कोथरूडकर:
@रानजाई, तुमच्याकडे माणसं होती. सगळ्यांकडे नसतात. आणि प्रश्न तो नाहीचे.

वॉर्डातली:
मी नर्स आहे. स्ट्रिपवरची नावं टाका, "बीपीची" म्हणून कळत नाही.

सईची_आई:
टेल्मिसार्टन क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. उदास राहते म्हणून मागच्या महिन्यात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम सुरू केलं.

वॉर्डातली:
अहो मग रक्तातलं सोडियम आजच्या आज तपासा, ते उतरलं की अशीच गुंगी येते. क्लोरथॅलिडोनने लघवीतून सोडियम जातं, एस्सिटालोप्रामनेही वयस्कर माणसांचं उतरतं, दोन्ही एकदम चालू असेल तर जास्तच, त्यात क्लोनाझेपामची गुंगी. नॉर्मल १३५ ते १४५. लघवीपण तपासा, या वयात इन्फेक्शनला ताप येईलच असं नाही, नुसती गुंगी किंवा बडबड दिसते. गुंगीत असताना भरवू नका, घास श्वासनलिकेत जातो. गोळ्या मनाने बंद करू नका, क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर झटके येऊ शकतात. आणि हाकेला नीट जाग्या होत नसतील तर व्हिजिटवाला डॉक्टर शोधत बसू नका, १०८ लावा.

पेठेतला:
१४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, तक्रार नोंदवा. असल्यांना सोडायचं नाही.

कोथरूडकर:
तक्रार नंतर. आधी ॲडमिट.

मावळा८५:
आयुष्मान कार्ड काढलंय का? सत्तरीपुढे ५ लाखांपर्यंत आहे, उत्पन्नाची अट नाही.

सईची_आई:
कार्ड नाहीये. मॅनेजर म्हणतायत उद्या डॉक्टर येतील तेव्हा बघू. मी ऐकत नाहीये, १०८ला फोन केलाय, निघाले.

वॉर्डातली:
बरं केलंत. सगळ्या स्ट्रिप आणि औषधाचा चार्ट बरोबर घ्या, नवीन गोळ्या कुठल्या तारखेला सुरू झाल्या ते कॅज्युअल्टीत पहिल्यांदा सांगा.