मदत हवी आहे: रिक्षाभाड्याचा आलेख शून्यातून जातोय, मग हे समचलन का नाही?

नमस्कार मंडळी,

मुलगी आठवीत आहे, गणितातलं 'चलन' प्रकरण चालू आहे. (समचलन म्हणजे एक राशी जितक्या पट होते तितक्याच पट दुसरीही; त्याचा आलेख आरंभबिंदूतून, म्हणजे शून्यातून जाणारी सरळ रेषा.) एकमान पद्धतीची गणितं ती पटापट सोडवते, आलेखाशी मात्र अजून गट्टी जमलेली नाही. रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊन आलेख काढायचा होता, तिने मुंबईच्या रिक्षाचं भाडं घेतलं. फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरमागे १७.१४.

तिचं कोष्टक: २ किमीला ३४.५७, ४ ला ६८.८५, ६ ला १०३.१३, ८ ला १३७.४१. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर भाडं, १ सेमी = २० रुपये. चारही बिंदू एका रेषेत आले. पट्टी लावून रेषा मागे नेली तर बरोब्बर आरंभबिंदूत! तिचं म्हणणं, हे समचलनच. मला ते पटत नाही, कारण पाव किलोमीटर गेलं तरी २६ मोजावेच लागतात. पण आलेख तिच्या बाजूने बोलतोय. तिला कसं समजावू? नुसतं 'चूक आहे' म्हणून तिचा हिरमोड करायचा नाहीये.

प्रतिसाद १

फार छान उदाहरण निवडलंय तिने. रेषा खरं तर शून्याच्या २९ पैसे वर उभ्या अक्षाला छेदते. तुमच्या प्रमाणात ते जेमतेम ०.१५ मिमी, म्हणजे पेन्सिलच्या रेघेतच गडप. कारण सोपं आहे: १७.१४ × १.५ = २५.७१, आणि किमान भाडं पूर्ण २६. आधीचा दर २३ आणि १५.३३ होता, त्यात तर फरक अर्ध्या पैशाचा.

आता तिला अर्धा, एक आणि दीड किलोमीटरचे बिंदू मांडायला सांगा. तिन्ही २६ च्याच उंचीवर येतील. आलेख दीडपर्यंत आडवा, तिथून वर चढणारा. दीडच्या मागे वाढवलेल्या तुकड्यावर एकही खरं भाडं नाही, तो फक्त पट्टीने काढलेला आहे.

प्रतिसाद २

वरच्याला जोडून. समचलनाच्या आलेखात आडव्या अक्षावर १ पाशी जी उंची, तोच एकमान दर. ४५ रुपये किलोची सुटी साखर घ्या: १ वर ४५, अर्ध्यावर २२.५०, भागाकार कुठेही ४५. रिक्षात १ वर २६ दिसतात आणि चढणाऱ्या भागात मात्र एक किलोमीटर पुढे गेलं की १७.१४ वाढतात. दोन्ही आकडे जुळत नाहीत, इथेच निकाल लागतो. भाडं भागिले अंतर हा रकानाही कोष्टकात घालू द्या: अर्ध्याला ५२, एकला २६, दोनला १७.२९, आठला १७.१८.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रकाना आत्ताच घालून घेतला. ५२ बघून ती स्वतःच म्हणाली, "मग जवळ जाणाऱ्याला किलोमीटर महाग पडतो!" आता साखरेची रेषा त्याच आलेखकागदावर दुसऱ्या रंगाने काढायची म्हणतेय. दोन्हींचे अक्ष वेगळे, किलो आणि किलोमीटर; एकाच कागदावर चालेल का, की वेगळा घेऊ?

प्रतिसाद २

वेगळा घ्या. एकाच कागदावर काढलं तर कुठली रेषा जास्त चढी हे ती बघत बसेल, आणि किलोची किलोमीटरशी तुलना करण्यात अर्थ नाही.