लॉकडाऊनमध्ये जंगलाला खरंच विश्रांती मिळाली का? पेंचजवळ राहणाऱ्यांना विचारते आहे

भूगोल_धंतोली
नमस्कार. मी नागपुरात नववीला भूगोल शिकवते. मागच्या आठवड्यात मुलांना साथरोग आणि पर्यावरण यावर एक पान लिहायला सांगितलं. बेचाळीसपैकी अडतीस वह्यांत एकच वाक्य आहे: माणूस घरात बसला आणि निसर्गाने मोकळा श्वास घेतला. तेव्हा ही मुलं तिसरी-चौथीत होती. त्यांना निळं आभाळ आठवतं, आणि ते खोटं नाही. एप्रिल 2020 मध्ये आमच्या गच्चीवरून इतके तारे दिसायचे की शेजारच्या आजी रोज रात्री खुर्ची टाकून बसत. पण मे महिन्यात वर्धा रोडवरून डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत निघालेली माणसंही मी पाहिली आहेत. त्यांना पाणी दिलं आहे. ही दोन्ही चित्रं एका पानावर कशी लिहायची, ते मला मुलांना सांगता येत नाही. जंगलाजवळच्या लोकांनी त्या दिवसांत काय पाहिलं? आणि हवामानाच्या बाजूने काही हाती लागलं का? सोमवारी वह्या परत द्यायच्या आहेत.

सिल्लारी_गाईड
मॅडम, मी पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटवर गाईड आहे. डोळ्यानं पाहिलं तेवढंच सांगतो.

मार्चमध्ये गेट बंद झालं. एप्रिलच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला कोरोना झाल्याची बातमी आली, मग तं सगळ्याच व्याघ्र प्रकल्पांना कडक सूचना आल्या. सफारीच्या जिप्सी गाड्या अंगणात उभ्या राहिल्या. गाईड, ड्रायव्हर, रिसॉर्टमधले स्वयंपाकी, चादरी धुणाऱ्या बाया, सगळे एकदम रिकामे. अन् तेच दिवस मोहाचे. मोह मार्च-एप्रिलमध्ये पडते, त्याच्या मागोमाग तेंदूपत्ता. एरवी गावातली काही घरं मोह वेचतात, त्या साली अख्खं गाव जंगलात उतरलं. शहरातून परत आलेले पोट्टेही आले, ज्यांना जंगलाचा काहीच अंदाज नव्हता. अंधारात झाडाखाली वाकून बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसते. एरवी हे मी पर्यटकांना सांगतो, तेव्हा घरोघरी जाऊन आपल्याच लोकांना सांगत होतो. फूल नीट दिसावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तो विझवला नाही तं वणवा लागते. तेही सांगत होतो.

आता शिकारीचं. पर्यटकाची गाडी रोज सकाळ-संध्याकाळ त्याच रस्त्यानं जाते. कोणी अनोळखी माणूस दिसला, झाडाला तार दिसली, की गाईड गेटवर सांगतो. ते बंद झालं. वनरक्षकांनी उन्हात पायदळ गस्त घातली, मी पण पाचदा त्यांच्यासोबत गेलो. बफरच्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याच्या, काठाला तारेचे फासे सापडले, डुकरासाठी अन् सशासाठी लावलेले. लावणारा ट्रकवर क्लीनर होता. ट्रक बंद, घरी चार तोंडं. मी त्याला तोंडावर बोललो, पण त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक नावाच्या संस्थेनं देशभरातल्या शिकारीच्या बातम्या मोजल्या होत्या. लॉकडाऊनच्या आधीच्या सहा आठवड्यांत शिकारीच्या 35 घटना, लॉकडाऊनच्या सहा आठवड्यांत 88. वाढ मुख्यतः हरणासारख्या खुरवाल्या जनावरांची, मांसासाठी.

चितळ रस्त्यावर येऊन बसायचे, हे खरं आहे. मीही फोटो काढले. पण आमच्याकडे 44 नंबरच्या महामार्गावर नऊ जागी रस्ता वर उचलून खालून जनावरांना वाट दिली आहे, सगळ्यात लांब 750 मीटर. हे लॉकडाऊनच्या आधीचं काम. वरून ट्रक चालू असताना आजही खालून वाघ जाते. जंगलाचं भलं कशानं झालं असं मुलांनी विचारलं तं मी हेच दाखवीन.

कोराडी_रोड
हवामानाचं मी सांगतो. 31 वर्षं कोळशाच्या वीज केंद्रात काढली. एप्रिल 2020 मध्ये कारखाने बंद पडल्यावर विजेची मागणी कोसळली, आमचे संच कमी भारावर चालवावे लागले. अंगणातल्या तुळशीवर राख दिसेना. मलाही तेव्हा वाटलं, सुधारतंय.

पण राख आणि गंधकाचा धूर दिवसा-आठवड्यांत खाली बसतो. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो. मुलांना तोतलाडोहचं उदाहरण द्या, त्याचंच पाणी ती पितात. दरवाजे बंद आहेत आणि वरून येणारा प्रवाह थोडा कमी झाला, तर धरण रिकामं होतं का? भरतच राहतं, जरा सावकाश. 2020 मध्ये जगाचं उत्सर्जन साधारण 5 टक्क्यांनी घटलं, तरी हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत त्याच मे महिन्यात कार्बन डायऑक्साइड 417 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 417 भाग, नोंदला गेला, तोवरचा सर्वाधिक. 2021 मध्ये उत्सर्जन जवळजवळ होतं तिथे परत आलं. तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखायची तर 2030 पर्यंत दर वर्षी 7.6 टक्के घट हवी, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2019 मध्येच सांगितलं होतं. अख्खं जग घरात बसूनही तेवढी झाली नाही, कारण भट्ट्या त्याच होत्या, फक्त मंद केल्या होत्या.

वेळही गेला. ग्लासगोची हवामान परिषद 2020 ऐवजी 2021 ला झाली. जैवविविधतेची कुनमिंगची परिषद लांबत लांबत डिसेंबर 2022 मध्ये मॉन्ट्रियलला संपली. कोळसा केंद्रांच्या धुरातलं गंधक कमी करायचे नियम 2015 चे, त्यांची मुदत एप्रिल 2021 मध्ये पुन्हा पुढे गेली. त्या धुरात मी आयुष्य काढलं आहे. याचं मला फार वाईट वाटतं.

मूल_चंद्रपूर
एक जोडतो. जून 2020 मध्ये 41 कोळसा खाणपट्टे लिलावाला काढले, त्यात ताडोबाच्या वाघांच्या भ्रमणमार्गातला बंदर खाणपट्टाही होता. सभा नाही, मोर्चा नाही, तरी लोकांनी घरातून पत्रं आणि ईमेल पाठवले. तो वगळला गेला. हेही मुलांना सांगा.

घाट_रोड
एप्रिल 2021 मध्ये बाबा गेले. घाटावर रांग होती. एका चितेला साधारण 300 किलो लाकूड लागतं, आणि त्या दिवसांत किती चिता पेटल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. बाबांना मोक्षकाष्ठावर दिलं, शेतातल्या काडीकचऱ्यापासून करतात ते. नागपुरात ते साथीच्या आधीपासून मिळतं. त्यांनी आयुष्यभर कडुलिंब लावले होते, म्हणून आईने आग्रह धरला. झाडांबद्दल त्या काळातलं माझ्याकडे एवढंच आहे.

भूगोल_धंतोली
घाट रोड, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. कोराडीकर काका, तोतलाडोह सोमवारी फळ्यावर काढते. वह्यांतलं ते वाक्य खोडणार नाही, त्याखाली 'किती दिवस?' एवढंच लिहीन. गाईडदादा, मुलांना तिकडे आणलं तर गावातल्या बायांशी मोहाबद्दल बोलता येईल का?

सिल्लारी_गाईड
येईल ना मॅडम. मार्चच्या शेवटी या, मोह पडत असते. पण उजाडल्याशिवाय पोरांना झाडाखाली जाऊ देणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.