मदत हवी आहे: ०-८-० शंटिंग इंजिनाचं मॉडेल दर फेऱ्याला अडतं (नाशिक)

नमस्कार मंडळी. एचओ मापात (१:८७) अमेरिकी यूएसआरए (पहिल्या महायुद्धात तिथली रेल्वे चालवणारी सरकारी संस्था) ०-८-० शंटरचं, म्हणजे फक्त आठ चालक चाकांच्या वाफेच्या इंजिनाचं, पितळी किट जुळवतोय. यार्डातलं इंजिन, म्हणजे हळू चालायलाच हवं. पण ३ व्होल्टला चाकाच्या दर फेऱ्यात एकदा गचका बसतो, ६ च्या पुढे तो कळत नाही. ४५७ मिमी त्रिज्येच्या वळणावर तर थांबतंच. चाकं आयसोप्रोपाइलने पुसली, रूळ घासले, बॉयलरमध्ये ६० ग्रॅम शिसं भरलं, फरक शून्य. कपलिंग रॉडची (चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्यांची) भोकं मोठी करू का?

प्रतिसाद १
भोकांना अजिबात हात लावू नका. मळ असता तर इंजिन कुठेही थांबलं असतं. दर फेऱ्यात एकाच जागी गचका म्हणजे क्वार्टरिंग चुकलंय. डाव्या-उजव्या क्रँकपिनांमध्ये (चाकावरच्या खुंट्या, ज्यांत रॉड बसतो) ९० अंश हवेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही आसांवर कोन तोच हवा. चारही आस ८९ वर असतील तरी चालेल. तीन ९० वर आणि एक ८८ वर असेल तर अडणारच.

वर्म (मोटरवरचा स्क्रूसारखा गिअर) काढून मोटर सोडवा. गिअरचा आस प्रमाण धरा, तो हलवायचा नाही. आधी फक्त त्याच्या शेजारचा आस रॉडने जोडा आणि चेसिस काचेवर हाताने ढकला. मोकळी फिरली की पुढचा आस जोडा. जिथे अडेल तोच दोषी. त्याचं एक चाक आसावर केसभर फिरवा, पण इन्सुलेशनची बुशी असलेल्या बाजूचं नको, ती सैल होते.

शिसं काढून टाका. खऱ्या इंजिनाला पुढे-मागे वाहक चाकं नव्हती. सुमारे ९७ टन वजन चारच आसांवर, म्हणून ५१ इंची चाकांवर ५१,००० पौंडांची ओढ. मॉडेललाही वजनाने ओढच मिळते. अडलेल्या यंत्रणेवर ते घातलं की मोटर तापते.

प्रतिसाद २
वळणाचं दुखणं वेगळं आहे. मधल्या दोन आसांना आडवी मोकळीक हवी, सुमारे अर्धा मिमी. टोकाच्या आसांना जेमतेम. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास आहे का, तेही कॅलिपरने बघा.

धागाकर्ता
वर्म काढून पाहिलं. तिसरा आस जोडला की अडतं. चाकं अचूक कोनात बसवायला जिग (धरून ठेवणारा साचा) करून घ्यायचा तर काय माप सांगू?

प्रतिसाद १
सातपूर किंवा अंबडच्या जॉबवर्कवाल्याला ठोकळ्यात आसासाठी व्ही खाच आणि दोन्ही क्रँकपिनांसाठी काटकोनात दोन टेकू करायला सांगा. खऱ्या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) २८ इंच, म्हणजे क्रँक (आसाच्या मध्यापासून पिनपर्यंतचं अंतर) त्याच्या निम्मी, १४ इंच, मापात ४.१ मिमी. तरी किटमधली क्रँक मोजूनच आकडा द्या, कारण किटवाले ती थोडी बदलतात.