थायॉल जोडलेल्या कायटोसॅनमध्ये मुक्त थायॉल इतके कमी का भरतात?

प्रश्न (एम. फार्म. विद्यार्थिनी, माटुंगा)
नाकावाटे द्यायच्या औषधासाठी मी कार्बोडायइमाइड (जोडणी घडवणारे रसायन) वापरून कायटोसॅनला (कायटिनपासून मिळणारा धनभारित बहुवारिक) थायॉल (-SH) गट असलेले एन-ॲसिटिल सिस्टीन जोडत आहे. श्लेष्म्यातील म्युसिन प्रथिनातील सिस्टीनशी डायसल्फाइड (दोन गंधक अणूंमधील) बंध जुळून औषध अधिक काळ चिकटून राहावे, हा हेतू आहे. साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात तीन दिवस डायालिसिस (पडद्यातून लहान रेणू काढून टाकणे) केल्यानंतर एल्मन चाचणीत (थायॉल रंगावरून मोजणारी चाचणी) मुक्त थायॉल अगदीच थोडे भरतात. जोडणीच झाली नाही, की जोडलेले थायॉल वाटेत गेले?

उत्तर १
साधे पाणी हेच बहुधा मूळ कारण असावे. हवेतील ऑक्सिजनला बळी पडतो तो मुख्यतः थायॉलचा ऋणभारित थायोलेट, आणि सामू जितका वर जाईल तितके त्याचे प्रमाण वाढते. म्हणून डायालिसिस ५ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, थंड जागी आणि अंधारात करावे. मधल्या एक-दोन बदलांत १ टक्का मीठ घालावे, म्हणजे केवळ विद्युतभारामुळे कायटोसॅनला चिकटलेले एन-ॲसिटिल सिस्टीन सुटून जाईल. हे ऑक्सिडीकरण वाढवणाऱ्या लोह-तांब्याच्या आयनांवर उपाय म्हणून ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारे रसायन) सुचवले जाते, पण धनभारित कायटोसॅनला तेच चिकटते, त्यामुळे येथे मी ते टाळेन. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात लायोफिलाइज केलेला (गोठवून वाळवलेला) नमुना डेसिकेटरबाहेर (ओल शोषणाऱ्या बंद भांड्याबाहेर) ठेवू नये. तो पाहता पाहता ओल धरतो.

उत्तर २
वरील सल्ला योग्यच आहे, मात्र आधी मोजमाप तपासा. एल्मन अभिक्रिया सामू ८ च्या आसपास चालते, तर कायटोसॅन साधारण ६.५ च्या वर साका होऊन बसते. त्या गढूळपणामुळे ४१२ नॅनोमीटरवरील शोषकता खोटीच वाढते, म्हणजे तुमचा खरा आकडा याहूनही कमी असू शकतो. दोन तास थांबून, सेंट्रिफ्यूज करून, वरचा निवळ द्रवच वाचावा.
तुमच्या मूळ प्रश्नाचा निकाल सोडियम बोरोहायड्राइड लावेल. त्याने नमुन्याच्या एका भागाचे क्षपण करून (म्हणजे डायसल्फाइड तोडून थायॉल मोकळे करून) आणि उरलेले बोरोहायड्राइड आम्लाने नष्ट करून पुन्हा मोजा. आकडा वाढला, तर थायॉल डायसल्फाइडमध्ये अडकले होते. न वाढल्यास जोडणीतच उणीव आहे. कार्बोडायइमाइडविना केलेला नियंत्रण नमुनाही सोबत हवाच.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. सेंट्रिफ्यूज केले नव्हते आणि नियंत्रण नमुनाही ठेवला नव्हता. नवी बॅच आम्लातच डायालाइज करते, आणि जुन्या नमुन्याचे आधी क्षपण करून पाहते.